अपेंडिक्स: पहिल्या कळेपासून टाके सुकेपर्यंत

पोट दुखायला लागलं की आधी घड्याळ बघा, औषधांचा डबा नंतर उघडा. किती वाजता दुखायला लागलं, नेमकं कुठे, आधी दुखलं की आधी उलटी झाली, हे दोन ओळींत मोबाइलमध्ये टिपून ठेवा. पुढे रक्ताच्या तपासण्या होतील, सोनोग्राफी होईल, पण डॉक्टर सगळ्यात आधी विचारणार ते हेच: "सुरुवातीला कुठे दुखत होतं आणि आता कुठे दुखतंय?" याचं उत्तर कुठल्याही मशीनमधून निघत नाही.

माझ्याकडे ते नव्हतं. रात्री जेवणानंतर बेंबीभोवती जड, कुंथल्यासारखं दुखायला लागलं. ॲसिडिटी समजून एक गोळी घेतली, तासाभराने एक पेनकिलर घेतली आणि झोपून गेले. पहाटे जाग आली तेव्हा दुखणं उजव्या बाजूला खाली उतरलेलं होतं. ते कधी उतरलं हे मला सांगता येईना, गोळीचं नाव आठवेना, आणि डॉक्टरांना अर्धी गोष्ट मधूनच ऐकावी लागली. आठ तास हातचे गेले. फार बिघडलं नाही, पण बिघडू शकलं असतं.

म्हणून हा लेख लिहिताना एकच गोष्ट धरून चालले आहे. अपेंडिक्सच्या बाबतीत दुखणं किती आहे यापेक्षा ते कुठल्या दिशेने चाललंय हे बघायचं. ऑपरेशनच्या आधीही आणि नंतरही.

दुखणं बेंबीपासून का सुरू होतं

लहान आतडं मोठ्या आतड्याला जिथे मिळतं, त्याच्या थोडं खाली एक बारीक नळी लोंबकळत असते. लांबी सरासरी 8-9 सेंटीमीटर, जाडी करंगळीपेक्षा कमी, एक टोक बंद. हे अपेंडिक्स. तिचं उघडं तोंड बुजलं की दुखणं सुरू होतं. बुजतं ते बहुतेकदा घट्ट झालेल्या मळाच्या खड्याने, किंवा लहान आणि तरुण वयात नळीच्या भिंतीतल्या लसिका पेशींना सूज आल्याने. फळाची बी गिळली की अपेंडिक्स होतं, ही भीती आपल्या सगळ्यांना लहानपणी घातलेली असते. बी अडकल्याची उदाहरणं आहेत, पण इतकी क्वचित की बिया थुंकत बसण्यात अर्थ नाही.

तोंड बुजलं तरी आतला स्राव थांबत नाही. दाब वाढतो, भिंतीचा रक्तपुरवठा कमी होतो, जंतू फोफावतात. या पहिल्या टप्प्यात दुखतं ते बेंबीभोवती, कारण आतड्यांकडून येणाऱ्या नसांना नेमका पत्ता सांगता येत नाही. अपेंडिक्सच्या नसा मणक्यात ज्या पातळीवर पोचतात, त्याच पातळीवर बेंबीजवळच्या त्वचेच्या नसाही येतात, आणि मेंदूची गल्लत होते. पुढच्या 12 ते 24 तासांत सूज नळीबाहेर येऊन पोटाच्या आतल्या अस्तराला टेकते. त्या अस्तराला मात्र पत्ता बरोबर ठाऊक असतो. दुखणं मग उजव्या बाजूला खाली येऊन एका जागी बसतं. आता ते बोटाने दाखवता येतं आणि हललं की जास्त दुखतं.

ठरावीक क्रम असा: आधी पोट दुखतं, मग भूक मरते, मग मळमळ किंवा एखाद-दुसरी उलटी, आणि नंतर कणकण. उलट्या-जुलाब आधी सुरू झाले आणि पोट नंतर दुखायला लागलं, तर पोटातला साधा संसर्ग असण्याची शक्यता वाढते. हा क्रम पुस्तकात छापल्यासारखा साधारण निम्म्याच पेशंटमध्ये दिसतो. बाकीच्यांबद्दल पुढे येईलच.

घरी काय तपासायचं

तीन साध्या गोष्टी करून बघता येतात. एक, उभं राहून जोरात खोका. दोन, चवड्यांवर उभे राहा आणि टाचा धपकन जमिनीवर टेकवा. तीन, उजव्या बाजूला कमरेच्या हाडाचं पुढे आलेलं टोक चाचपा, तिथून बेंबीपर्यंत मनाने रेघ ओढा आणि हाडाच्या बाजूने एक तृतीयांश अंतरावर हलकेच दाबा. चार्ल्स मॅकबर्नी या अमेरिकी सर्जनने 1889 मध्ये हीच जागा दाखवून दिली आणि आजही ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. खोकल्याने किंवा टाच आपटल्याने उजवीकडे खाली चमक निघत असेल, तर आतल्या अस्तरापर्यंत सूज पोचली असावी. दवाखान्यात जाताना गाडी स्पीडब्रेकरवरून गेली तेव्हा मी न बोलता सीट घट्ट धरली होती. डॉक्टरांनी नेमकं तेच विचारलं: "येताना खड्ड्यांत दुखलं का?" मला वाटलं, आपुलकीने विचारतायत. ती तपासणीच होती.

दाबून एकदाच बघा. घरातल्या प्रत्येकाने येऊन पोट दाबून जायची गरज नाही. आणि या तिन्हींत काही आढळलं नाही म्हणजे अपेंडिक्स नाही, असंही समजू नका.

काय करायचं नाही, ते जास्त महत्त्वाचं. जुलाबाचं औषध घेऊ नका, एनिमा घेऊ नका. "पोट साफ झालं की बरं वाटेल" हा सल्ला अशा वेळी हमखास कुणीतरी देतं. सुजलेल्या नळीवर दाब वाढवणं परवडत नाही. गरम पाण्याच्या पिशवीने आणि पेनकिलरने थोडा वेळ बरं वाटतं, आणि तेवढ्या आरामावर आपण रात्र काढतो, हाच त्यातला धोका. मागच्या आजारपणातल्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या तर अजिबात नकोत. त्यांनी लक्षणं अर्धवट दबतात आणि चित्र धूसर होतं.

पेनकिलर घेतलीच असेल तर लपवू नका. नाव, डोस, वेळ सांगा. पेनकिलर दिली की निदान चुकतं असं पूर्वी मानत आणि पेशंटला तसंच कण्हत ठेवत. नंतरच्या अभ्यासांनी हा समज खोडून काढला. आता तपासणी चालू असतानाच वेदनाशामक देतात. तेव्हा दवाखान्यात पोचल्यावर निमूट सोसत बसू नका, मागून घ्या.

संशय आला की जेवण बंद. भूल द्यायची वेळ आली तर पोट रिकामं हवं: साधारणपणे जेवणानंतर 6 तास आणि साध्या पाण्यानंतर 2 तास जावे लागतात. घोटभर पाण्याने काही बिघडत नाही, पण शेवटचं काय आणि कधी घेतलं तेही टिपून ठेवा.

कधी निघायचं

दुखणं चार-सहा तास न थांबता वाढतंय, किंवा बेंबीपासून उजवीकडे सरकलंय, किंवा सरळ उभं राहता येत नाही, किंवा सोबत ताप आहे: निघा. सकाळ होण्याची वाट बघू नका. जिथे सर्जन आणि सोनोग्राफी दोन्ही आहे अशा हॉस्पिटलात थेट गेलेलं बरं. पोट लाकडासारखं कडक झालं, चक्कर येतेय, घाम सुटलाय, पाणीही ठरत नाही, असं असेल तर रुग्णवाहिकाच बोलवा.

एक फसवी खूण लक्षात ठेवा. बराच वेळ दुखून दुखून अचानक आराम पडतो. घरचे सुटकेचा श्वास सोडतात. पण कधी कधी हा आराम फुटलेल्या अपेंडिक्सचा असतो: नळीतला दाब एकदम उतरतो म्हणून कळ थांबते, आणि काही तासांत दुखणं सगळ्या पोटभर पसरतं, ताप चढतो. जादूगार हॅरी हूडिनी 1926 मध्ये पोटात दुखत असताना, अंगात ताप असताना डेट्रॉइटच्या रंगमंचावर उभा राहिला होता. ऑपरेशन झालं तोवर अपेंडिक्स फुटून पोटभर संसर्ग पसरला होता. 31 ऑक्टोबरला तो गेला. त्या काळी अँटिबायोटिक नव्हती. आज फुटलेल्या अपेंडिक्समधूनही बहुतेक पेशंट नीट बाहेर येतात, फक्त मुक्काम लांबतो आणि त्रास कितीतरी पटींनी वाढतो. फुटण्याचा धोका पहिल्या दीड दिवसानंतर वाढत जातो.

हॉस्पिटलात काय काय होतं

आधी डॉक्टर हाताने तपासतात, आणि त्यांच्या हालचाली नीट बघितल्या तर प्रत्येकीमागचा हेतू कळतो. डावीकडे दाबून "उजवीकडे दुखतं का?" विचारतात. हळूहळू दाबून हात झटकन उचलतात. दाबताना दुखण्यापेक्षा हात काढताना जास्त दुखलं, तर अस्तराला सूज आहे. उजवा पाय मागे ताणतात, गुडघा वाकवून मांडी आत-बाहेर फिरवतात. अपेंडिक्स ज्या स्नायूला टेकलंय तो स्नायू ताणला की कळ येते. दुखत असेल तर दुखतंय म्हणा. धीराचं दर्शन इथे कामाचं नाही.

रक्तात पांढऱ्या पेशी आणि सीआरपी (सूज असली की वाढणारं प्रथिन) बघतात, लघवी तपासतात, आणि मूल होण्याच्या वयातल्या प्रत्येक बाईची गर्भधारणेची चाचणी करतात. लग्न झालंय का, शक्यता आहे का, असल्या प्रश्नांत न अडकता ती होऊ द्यावी. गर्भाशयाऐवजी बीजवाहिनीत राहिलेला गर्भ आणि पीळ पडलेला बीजांडकोश, दोन्ही अपेंडिक्ससारखेच दुखतात आणि दोन्हींना थांबायला वेळ नसतो.

या सगळ्याचा मेळ घालायला डॉक्टर गुणांची एक पद्धत वापरतात. अल्फ्रेडो अल्वाराडो यांनी 1986 मध्ये ती मांडली. दुखणं सरकलं असेल तर 1, भूक गेली असेल तर 1, मळमळ-उलटीला 1, उजवीकडे खाली दाबल्यावर दुखलं तर 2, हात काढताना दुखलं तर 1, ताप असेल तर 1, पांढऱ्या पेशी वाढल्या असतील तर 2, आणि त्यांत अपरिपक्व न्यूट्रोफिल पेशी जास्त असतील तर 1. बेरीज 10. चारपर्यंत गुण असले तर अपेंडिक्सची शक्यता कमी, पाच-सहा असले तर थांबून पुन्हा तपासायचं, सात किंवा त्याहून जास्त असले तर शक्यता दाट. यातले पहिले तीन गुण पेशंटच्या सांगण्यावर ठरतात, म्हणून सुरुवातीला घड्याळाचा एवढा आग्रह धरला.

सोनोग्राफीत सुजलेलं अपेंडिक्स 6 मिलिमीटरपेक्षा जाड दिसतं आणि वरून दाबलं तरी चपटं होत नाही. रिपोर्ट वाचताना मात्र एक चूक फार होते. "अपेंडिक्स दिसलं नाही" आणि "अपेंडिक्स नॉर्मल आहे" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पोटात गॅस असेल, अंगाने जाड असाल, किंवा नळी आतड्यामागे दडलेली असेल, तर सोनोग्राफीत ती दिसतच नाही. अशा वेळी "रिपोर्ट तर नॉर्मल आलाय" म्हणत घरी जाऊ नका. पुढे काय, ते विचारा. उत्तर बहुधा सीटी स्कॅन असेल, जो प्रौढांमध्ये सगळ्यात भरवशाचा आहे, किंवा सहा ते बारा तास ठेवून घेऊन पुन्हा तपासणी. गरोदर बाईसाठी सोनोग्राफीनंतर एमआरआय, कारण त्यात किरणोत्सर्ग नाही. मुलांनाही शक्य तितका सीटी टाळतात.

ठेवून घेतलं की घरच्यांना वाटतं, यांना काही कळत नाहीये. खरं तर थांबून पुन्हा पोट तपासणं हीच जुनी आणि पक्की तपासणी आहे. शक्य असेल तर दोन्ही वेळा एकाच डॉक्टरांचा हात असावा.

अपेंडिक्सच्या वेषात येणारी दुखणी, आणि वेष बदललेलं अपेंडिक्स

उजव्या बाजूचा मूत्रखडा बराच गोंधळ घालतो, पण पेशंटकडे बघून पुष्कळदा फरक कळतो. खडा असलेला माणूस तळमळतो, या कुशीवरून त्या कुशीवर होतो, उठून येरझारा घालतो. अपेंडिक्सचा पेशंट गुडघे पोटाशी घेऊन निपचित पडलेला असतो, कुणी पलंगाला धक्का दिला तरी वैतागतो. लहान मुलांत सर्दी-तापानंतर पोटातल्या गाठी सुजून असंच दुखतं. मुलग्यांच्या पोटात खाली दुखत असेल तर अंडकोषही तपासायलाच हवा: तिथे पीळ पडला असेल तर हातात मोजके तास असतात, आणि मुलगा लाजेने "पोट दुखतंय" एवढंच सांगतो.

उलटही घडतं. अपेंडिक्स मोठ्या आतड्याच्या मागे असलं तर दुखणं कुशीत किंवा पाठीत येतं आणि पुढून पोट मऊ लागतं. खाली ओटीपोटात उतरलेलं असलं तर सारखी लघवी लागते, पातळ शौचाला होतं, आणि निदान मूत्रमार्गाच्या संसर्गावर जाऊन थांबतं. गरोदरपणात वाढलेल्या गर्भाशयामुळे ते वर ढकललं जातं, दुखणं बरगडीखाली जाऊ शकतं. पाच वर्षांखालच्या मुलांना सांगता येत नाही. ती चिडचिड करतात, खात नाहीत, पाय दुमडून घेतात, आणि त्यांच्यात निदान होईपर्यंत अपेंडिक्स फुटलेलं असण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं. म्हाताऱ्या माणसांत ताप नसतो, दुखणं बोथट असतं, रिपोर्ट साधारण असतात, आणि आत मात्र बिघडलेलं असतं. या सगळ्यांच्या बाबतीत मी एकच नियम पाळीन: शंका आली की दाखवायचं.

ऑपरेशन की गोळ्या

हा प्रश्न आता खरोखर विचारता येतो. न फुटलेल्या साध्या अपेंडिसायटिसमध्ये, म्हणजे अपेंडिक्सच्या सुजेत, नुसत्या अँटिबायोटिकवर भागतं का, यावर मोठे अभ्यास झाले आहेत. फिनलंडमध्ये अँटिबायोटिक दिलेल्या पेशंटपैकी पाच वर्षांत 39 टक्क्यांना पुन्हा अपेंडिसायटिस झाला, म्हणजे साठच्या वर टक्के लोकांचं ऑपरेशन टळलं. अमेरिकेत 1,552 प्रौढांवर झालेल्या आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अँटिबायोटिक घेतलेल्या दहापैकी तिघांना 90 दिवसांच्या आतच ऑपरेशन करावं लागलं. स्कॅनमध्ये मळाचा खडा दिसला होता त्यांच्यात हे प्रमाण दहापैकी चार होतं.

आकडे वाचून कुणाला "साठ टक्के सुटले" दिसतं, कुणाला "चाळीस टक्के परत आले" दिसतं. मी स्वतः दुसऱ्या गटातली. दवाखान्यापासून लांब, प्रवासात किंवा जहाजावर राहणाऱ्याने गोळ्यांच्या भरवशावर राहू नये असं माझं मत आहे. पण ज्यांना भूल देणं धोक्याचं आहे किंवा ज्यांना काही आठवडे ऑपरेशन नकोच आहे, त्यांच्यासाठी हा खराखुरा पर्याय आहे. तो सर्जनशी बोलून, हॉस्पिटलात देखरेखीखाली घ्यायचा असतो. उरलेल्या गोळ्यांवर घरी घ्यायचा नसतो. स्कॅनमध्ये खडा आहे का, हे आवर्जून विचारा.

अपेंडिक्स फुटून बाजूला पूची गाठ झाली असेल, तर हिशेब वेगळा. तेव्हा बऱ्याचदा लगेच कापत नाहीत. सुई किंवा नळीने पू काढतात, अँटिबायोटिक देतात, आणि गरज वाटली तर सहा-आठ आठवड्यांनी अपेंडिक्स काढतात. घरच्यांना हे चालढकल वाटते. सुजून एकमेकांना चिकटलेल्या आतड्यांत हात घालणं जास्त जोखमीचं असतं, म्हणून थांबतात. चाळिशीच्या पुढच्या पेशंटला नंतर कोलोनोस्कोपीही (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) सांगतात, कारण क्वचित या गाठीमागे वेगळंच काही निघतं.

ऑपरेशन

संमतीपत्रावर सही करण्याआधी सांगायच्या गोष्टी: कुठल्या औषधाची ॲलर्जी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, दमा-मधुमेह-हृदयाचा त्रास, आधी भूल दिली होती तेव्हा काही झालं होतं का, हलणारा दात किंवा कवळी. विचारायचं एकच: दुर्बिणीतून सुरू करून मध्येच मोठा छेद घ्यावा लागण्याची शक्यता किती? तसं झालं तर ती चूक नसते. आत दिसत नसताना रेटून नेण्यापेक्षा ते शहाणपणाचं असतं.

छेद घेण्याआधी तासाभरात अँटिबायोटिकचं इंजेक्शन देतात. दुर्बिणीच्या पद्धतीत पूर्ण भूल, बेंबीजवळ एक आणि खाली दोन अशी तीन छोटी छिद्रं, आणि पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड. साधं अपेंडिक्स असेल तर तासाभराचं काम. ही पद्धत कुर्ट सेम या जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञाने 1980 मध्ये पहिल्यांदा वापरली, आणि तेव्हा सर्जन मंडळींनी त्यालाच वेड्यात काढलं होतं.

पहिले दोन दिवस

जाग येते तेव्हा घसा खवखवत असतो, कारण भुलीच्या वेळी श्वासनळीत नळी होती. मग एक अनपेक्षित गोष्ट: उजवा खांदा दुखतो. मी नर्सना दोनदा विचारलं, "पोटाचंच ऑपरेशन झालंय ना?" फुगवलेल्या गॅसने पोट आणि छातीमधल्या पडद्याला त्रास होतो, आणि त्या पडद्याची नस मानेत, खांद्याच्या नसांच्याच पातळीवरून निघते, म्हणून मेंदूची तीच जुनी गल्लत. दोन-तीन दिवसांत जातं. चालल्याने बरं वाटतं.

सहा-आठ तासांत लघवी झाली पाहिजे. नाही झाली तर लाजू नका, सांगा.

पलंगावरून उठायची पद्धत आधीच शिकून घ्या, कारण पहिल्यांदा सगळेच चुकतात. सरळ उठून बसायला गेलात की पोटाचे स्नायू ताणले जातात आणि डोळ्यांसमोर काजवे चमकतात. गुडघे दुमडा, अख्खं अंग ओंडक्यासारखं एका कुशीवर वळवा, पाय पलंगाखाली सोडा आणि त्याच वेळी कोपराने व हाताने रेटा देत वर या. मिनिटभर बसून राहा, मग उभे राहा. खोकला, शिंक, हसू आलं तर उशी पोटाशी घट्ट धरा. भेटायला येणाऱ्या विनोदी मित्रांना चार दिवसांनी यायला सांगा.

त्याच दिवशी, निदान दुसऱ्या दिवशी सकाळी, चालायचंच. चालण्याने आतडी जागी होतात, फुप्फुसं उघडतात, आणि पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका कमी होतो. खाणं डॉक्टर सांगतील तसं: आधी पाणी, मग पातळ, मग मऊ. साध्या अपेंडिक्समध्ये हे सगळं एका दिवसातही होतं. पोटातून गॅस सरला की वॉर्डात जो आनंद होतो तो बाहेरच्या माणसाला समजायचा नाही.

साधं प्रकरण असेल तर एक-दोन दिवसांत घरी सोडतात. फुटलेलं असेल तर पू-पाणी बाहेर काढायला पोटात नळी ठेवलेली असू शकते, शिरेतून अँटिबायोटिक चालू राहते, आणि मुक्काम पाच-सात दिवस किंवा त्याहून जास्त होतो.

घरी आल्यावर

पहिले दोन-तीन दिवस वेदनाशामक घड्याळाप्रमाणे घ्या, दुखून दुखून असह्य होईपर्यंत थांबू नका. दुखणं आटोक्यात असेल तरच चालणं होतं, खोल श्वास घेतला जातो. पॅरासिटामॉल प्रौढांनी दिवसाला 4 ग्रॅमच्या वर जाता कामा नये, आणि सर्दी-तापाच्या पुष्कळ गोळ्यांतही तेच असतं, पाकीट वाचा. अँटिबायोटिक दिली असेल तर बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका. साध्या, न फुटलेल्या अपेंडिक्सनंतर ती बहुधा लागतच नाही, तेव्हा "मला का दिली नाही" म्हणून घाबरूही नका.

शौचाला दोन-तीन दिवस न होणं नेहमीचं आहे. भूल, कमी खाणं आणि काही तीव्र वेदनाशामकं यांचा तो एकत्रित परिणाम. कुंथू नका. पाणी भरपूर प्या, चोथा असलेलं हळूहळू खायला लागा, चाला. तरी झालं नाही तर मळ मऊ करणारं औषध डॉक्टरांना विचारून घ्या. अपेंडिक्स गेल्यावर जन्मभर पाळायचं पथ्य असं काही नसतं.

जखम पहिले 48 तास कोरडी ठेवा, नंतर वरून पाणी घेऊन अंघोळ चालते. चोळायचं नाही, टॉवेलने टिपायचं. टबमध्ये किंवा तलावात डुंबणं जखम पूर्ण भरेपर्यंत नको. विरघळणारे टाके असतील तर काढावे लागत नाहीत. नाहीतर साधारण 7 ते 10 दिवसांनी काढतात. जखमेभोवती निळसर डाग, त्वचेखाली कडक गाठीसारखी वळी, टाक्यांशी खाज, हे सगळं भरण्याचंच लक्षण. बेंबीची जखम सगळ्यात उशिरा सुकते, तिथे सतत ओल राहते.

वजन उचलण्याबद्दल प्रत्येक सर्जनचा आकडा थोडा वेगळा असतो. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर दोनेक आठवडे आणि मोठ्या छेदानंतर चार ते सहा आठवडे चार-पाच किलोच्या वर उचलायचं नाही, एवढं धरून चाला. लहान मूल घरात असेल तर हा नियम सगळ्यात आधी मोडतो. बसा आणि मुलाला मांडीवर चढू द्या. बैठं काम एक-दोन आठवड्यांत सुरू करता येतं. गाडी चालवायची तर उभ्या गाडीत बसून ब्रेक कचकन दाबून बघा. दचकायला झालं तर अजून वेळ आहे. गुंगी आणणारी वेदनाशामकं चालू असताना गाडी नाहीच.

लिओनिद रोगोझोव्ह या सोव्हिएत डॉक्टरने 1961 मध्ये अंटार्क्टिकाच्या तळावर, दुसरा डॉक्टर नसल्याने, तेवढीच जागा बधिर करून स्वतःचं अपेंडिक्स स्वतः काढलं, आणि दोन आठवड्यांत तो कामावर परतला. ही गोष्ट सांगून तुम्हाला ऑफिसात बोलावणारा साहेब भेटला, तर त्याला एवढंच विचारा की रोगोझोव्ह मग रोज दोन तास प्रवास करून जात होता का.

थकव्याबद्दल कुणी नीट सांगत नाही. आठव्या दिवशी मला ठणठणीत वाटलं, सकाळी कपाट आवरायला घेतलं आणि दुपारी तीनला भिंत धरून बसले. जखमा बाहेरून बोटभर दिसतात. आत शरीर दुरुस्तीचं काम करतच असतं. दुपारी झोप येईल तेव्हा झोपा.

उलटी चाल दिसली तर

रोज कालच्यापेक्षा थोडं बरं, ही बरं होण्याची दिशा. रेघ सरळ नसते, एखादा दिवस मागे जातो. पण दोन-तीन दिवस बरं वाटून पुन्हा दुखणं वाढायला लागलं, तर तेच सगळ्यात मोठं लक्षण. पोटात पू साचणं बहुधा पहिल्या दिवशी दिसत नाही. पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास, घरी आल्यावर, ताप आणि दुखणं घेऊन येतं. फुटलेल्या अपेंडिक्सनंतर त्याचा धोका जास्त असतो.

खालच्यापैकी काहीही झालं तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता फोन करा:

- ताप 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइटच्या वर, किंवा थंडी वाजणं
- जखमेची लाली पसरत जाणं, गरम लागणं, पू किंवा दुर्गंध
- पोट फुगणं, उलट्या, गॅस आणि शौच दोन्ही बंद
- लघवी न होणं, किंवा एकसारखे जुलाब

एका पोटरीत सूज आणि दुखणं, अचानक दम लागणं किंवा छातीत दुखणं असेल, तर फोन करत बसू नका, थेट तातडीच्या विभागात जा.

शेवटचा कागद

काढलेलं अपेंडिक्स तपासणीला पाठवतात आणि त्याचा रिपोर्ट काही दिवसांनी येतो. तोवर पेशंट बरा झालेला असतो आणि तो आणायला कुणी जात नाही. माझाही तीन आठवडे तिथेच पडून होता. तो आणा आणि सर्जनला दाखवा: शंभरात साधारण एखाद्याच्या का होईना, त्या नळीत बारीकशी गाठ सापडते, आणि तिच्यासाठी पुढे काही करायचं की नाही हे त्या कागदावरच ठरतं. डिस्चार्ज कार्डाचा फोटो काढून ठेवा. अपेंडिक्सचा उरलेला बुंधा क्वचित, अगदी काही वर्षांनीही, सुजू शकतो. तेव्हा पुन्हा उजवीकडे खाली दुखायला लागलं, तर "अपेंडिक्स तर काढलंय" असं म्हणून डॉक्टरांचा तो विचारच बंद करू नका. कार्ड दाखवा, आणि दुखणं किती वाजता सुरू झालं ते सांगा.